साथीला कोण आहे ते आधी बघा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळात तबला वाजवणाऱ्या तरुणाने विचारलंय : ‘शक्ती’ या बँडचं एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि नादच लागला. तेव्हापासून मोबाइलवर ‘जॅझ फ्यूजन’ म्हणून शोधतोय, पण ॲप हॉटेलच्या लॉबीत वाजतो तसला गुळमुळीत पियानोच पुढे करतं. आजच्या काळातले, दोन-तीन तऱ्हेची संगीतं एकत्र आणणारे जॅझ अल्बम शोधायचे कसे? आणि जॅझचं शास्त्र न शिकता ते कळतील का?

दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. कळतील. तीनतालाची सम ज्याला डोळे मिटून दाखवता येते, त्याची निम्मी तयारी झालेली आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल पुढे बोलतो.

पहिल्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. प्रकाराचं नाव टाकून शोधणं बंद करा. ‘फ्यूजन’, ‘मॉडर्न जॅझ’, ‘वर्ल्ड म्युझिक’ ही विकणाऱ्यांच्या सोयीची नावं. माणसांच्या नावाने शोधा. त्यातही अल्बमवर ज्याचं नाव ठळक छापलंय त्याच्या नव्हे, साथीदारांच्या नावाने. आपल्याकडे बैठकीचं पत्रक हातात पडलं की मुरलेला श्रोता गायकाच्या नावावरून नजर खाली नेतो : तबल्याला कोण, पेटीला कोण? ज्या गावात रामभाऊ विजापुरे पेटीवर बसायचे त्या बेळगावाला हे काय शिकवायचं! जॅझमध्ये ही सवय जास्तच कामाला येते. आज जो दुसऱ्याच्या अल्बमवर ड्रम वाजवतो तो उद्या स्वतःच्या नावाने अल्बम काढतो, आणि आजचा मुख्य कलाकार तेव्हा त्याच्या साथीला असतो. त्यामुळे एका अल्बमवर चार वादक असतील तर तुमच्या हातात चार वाटा येतात. मी कीबोर्ड वाजवतो. बेळगावच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, गोव्याच्या हॉटेलांतही बरंच वाजवलं. माझ्याकडचे चांगले अल्बम बहुतेक असेच सापडलेले आहेत.

तुमच्या ‘शक्ती’पासूनच सुरू करू. पहिला अल्बम १९७६चा. तो अमेरिकेतल्या एका कॉलेजात १९७५ साली झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम, मृदंगावर आर. राघवन. १८ मिनिटांची ‘जॉय’ ही रचना आधी ऐका, नंतर ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’. आता यातलं एकेक नाव उचला. मॅक्लॉफ्लिन त्याआधी कुठे होता? अमेरिकेचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे. माइल्सच्या १९७२च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये मॅक्लॉफ्लिन आहे आणि तबल्यावर बादल रॉय. तो तबला घराण्याच्या शिस्तीतला नाही, तुम्हाला कदाचित खटकेल. पण विजेच्या बास गिटारच्या आणि ड्रमच्या गदारोळात तबल्याने स्वतःची जागा कशी धरून ठेवायची, ते तिथे ऐकायला मिळतं.

झाकीरभाईंची वाट धरली तर ती सगळ्यात लांब जाते. १९८७चा ‘मेकिंग म्युझिक’ : हरिप्रसाद चौरसिया, मॅक्लॉफ्लिन आणि नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक. २००६चा ‘संगम’ : सॅक्सोफोनवर चार्ल्स लॉइड, ड्रमवर एरिक हार्लंड आणि तबल्यावर झाकीर. त्यात वेगळा बासवादक नाही, म्हणून डग्ग्याकडे नीट कान द्या. खालची जागा तोच सांभाळतो. २०१९चा ‘गुड होप’ : डेव्ह हॉलंडचा बास, क्रिस पॉटरचा सॅक्सोफोन. २०२३चा ‘ॲज वी स्पीक’ : बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा बास आणि राकेश चौरसियांची बासरी. २०२४च्या ग्रॅमीत झाकीरभाईंना एकाच रात्री तीन पुरस्कार मिळाले. त्यात हा अल्बम होता आणि ‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ही होता, ज्यात ‘कट्यार’मुळे आपल्याकडे घराघरांत पोचलेले शंकर महादेवन गायले आहेत. ‘धिस मोमेंट’ चांगलाच आहे. तरी मला विचाराल तर १९७५चा तो रांगडेपणा त्यात नाही. २०२४च्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्यांचं नाव साथीदारांच्या यादीत शोधत राहिलात तर वर्षभर पुरेल एवढं सापडेल.

आता एक वाट थेट बेळगावातून निघणारी. ठुमरी-दादऱ्यातलं मोठं नाव शोभा गुर्टू यांचा जन्म १९२५चा, बेळगावचा. आई मेनकाबाई शिरोडकर, अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतल्या. शोभाताईंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू हे तालवादक. ‘ऑरेगॉन’ या अमेरिकन चौकडीत सतार-तबला वाजवणारा कॉलिन वॉलकॉट १९८४ साली अपघातात गेला, त्यानंतर त्या जागी त्रिलोक बसले. १९८८ साली त्यांनी स्वतःच्या नावाने ‘उसफ्रेट’ काढला आणि त्यात गायला आईला बसवलं. सोबत कोण? ट्रम्पेटवर डॉन चेरी, म्हणजे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ज्या चौकडीने १९५९ साली जॅझचे ठरलेले नियम मोडले तिच्यातला माणूस, गिटारवर ‘ऑरेगॉन’चा राल्फ टाउनर, व्हायोलिनवर पुन्हा एल. शंकर. पहिल्याच रचनेचं नाव ‘शोभारॉक’. शोभाताई तिथे जॅझ गायिका व्हायला जात नाहीत. आवाजाची फेक तीच, मुरकी तीच. बदललं आहे ते भोवतालचं सगळं. मिश्रणाच्या संगीतातली ही मला सगळ्यात प्रामाणिक तऱ्हा वाटते. पुढे १९९३च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये त्रिलोककडे कीबोर्डवर जो झाविनुल आणि गिटारवर पॅट मेथनी आहेत. या दोघांची नावं धरून निघालात तर भारतीय संगीताचा काठ सुटतो आणि तुम्ही खोल पाण्यात जाता. जा.

आपल्या कर्नाटकातलं आणखी एक उदाहरण. कद्री गोपालनाथ दक्षिण कन्नडातले, घरात नादस्वरम. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो त्यांनी कर्नाटक संगीतात आणला. इकडे अमेरिकेत वाढलेला रुद्रेश महंतप्पा जॅझ सॅक्सोफोन शिकत होता. मोठ्या भावाने त्याला थट्टेने कद्रींची एक रेकॉर्ड दिली. त्या थट्टेतून पुढे दोघांचा ‘किन्समेन’ (२००८) झाला. दोन ऑल्टो सॅक्सोफोन. एक गमक घेऊन बोलतो, दुसरा न्यूयॉर्कच्या वेगात. साथीला ए. कन्याकुमारींचं व्हायोलिन, मृदंग, रेझ अब्बासीची गिटार. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकून ज्यांच्या कानात पितळी वाद्यं बसली आहेत, त्यांना सॅक्सोफोनचं हे रूप धक्का देईल. याच्याही आधी, १९८३ साली, बेंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनच्या मंडळींबरोबर अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानोने ‘ज्योती’ केला होता : आर. ए. रामामणींचं गाणं, टी. ए. एस. मणींचा मृदंग.

रुद्रेशचाच २००८चा ‘आप्ती’ तुम्ही तबलजी म्हणून ऐकाच. तिथे तबल्यावर डॅन वाइस आहे. हा मूळचा जॅझ ड्रमर, तबला रीतसर शिकलेला. त्याने ‘तीनताल ड्रमसेट सोलो’ (२००५) आणि ‘झपताल ड्रमसेट सोलो’ (२०११) असे दोन अल्बम केले. गिटारवर लेहरा धरलेला, आणि पेशकार, कायदा, रेला, तुकडे सगळं ड्रमसेटवर. धा कुठे, तिरकिट कुठे, बायाची मींड कशाने दाखवली हे ओळखत बसा. या एका माणसामुळे तुम्हाला ड्रमसेट ऐकायला येईल. ड्रमसेट ऐकायला आला की जॅझचं दार उघडं.

उरलेली निम्मी तयारी म्हणालो, ती ही. जॅझच्या बहुतेक रचनांत एक ठरलेलं चक्र असतं, बहुधा १२ किंवा ३२ मापांचं (म्हणजे बारचं). आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग त्याच लांबीची आवर्तनं फिरत राहतात आणि एकेक जण त्यांवर उपज करतो, शेवटी परत धून. दोघे चार-चार मापं वाटून घेतात तेव्हा तो सवाल-जवाबच. आपल्या कानाला अडतं ते हार्मनीपाशी : खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलत राहतात, षड्ज हलल्यासारखा वाटतो आणि आपण हरवतो. त्यावर उपाय म्हणजे बासचा स्वर धरून चालणं. दुसरा उपाय, सुरुवात अशा जॅझपासून करणं जिथे कॉर्ड कमी आहेत. माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून वादक एकेका स्वरसप्तकावर लांब थांबू लागले. रागाशी जवळीक तिथून झाली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६१ साली ‘इंडिया’ वाजवलं ते याच वळणावर. मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, रविशंकरांवरून. पत्नी ॲलिस कोल्ट्रेनच्या १९७१च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’मध्ये खाली तानपुरा सतत सुरू आहे, आपल्या माणसाला षड्ज शोधावा लागत नाही.

ॲलिसच्या या अल्बमवर सॅक्सोफोन वाजवणारा फॅरो सँडर्स ५० वर्षांनी, २०२१ साली, ‘प्रॉमिसेस’मध्ये भेटतो. इंग्लंडचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि ऐंशीतला सँडर्स. सात स्वरांचा एक छोटा तुकडा ४६ मिनिटं फिरत राहतो, त्यावर सॅक्सोफोन बोलतो, मध्ये नुसता गळ्याने पुटपुटतो. गेल्या काही वर्षांतला एकच अल्बम निवडा म्हटलं तर मी हा निवडेन. तो एका बैठकीत ऐकायचा असतो. तुकडे करून ऐकणार असाल तर राहू द्या.

आता आजच्या मंडळींकडे. लंडनमधले बरेच तरुण वादक ‘टुमॉरोज वॉरियर्स’ या शिकवणाऱ्या संस्थेतून आले, म्हणून सगळे एकमेकांच्या अल्बमवर सापडतात. साथीदार शोधण्याची युक्ती तिथे सर्वांत लवकर फळते. शाबाका हचिंग्जच्या ‘सन्स ऑफ केमेट’चा ‘युवर क्वीन इज अ रेप्टाइल’ (२०१८) घ्या : एक सॅक्सोफोन, एक ट्युबा, दोन ड्रमर. कॅरिबियन मिरवणुकीचा ठेका आणि बासचं सगळं काम ट्युबावर. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये मागे उभं राहून नुसतं ‘पों पों’ करणारं हे वाद्य काय काय करू शकतं ते बघा की ओ! तो ट्युबावाला थिऑन क्रॉस. त्याच्या ‘फाया’ (२०१९)वर सॅक्सोफोनवाली न्युबाया गार्सिया, तिच्या ‘सोर्स’ (२०२०)मध्ये रेगे आणि कोलंबियाची कुंबिया. याच मंडळींतल्या ‘एझ्रा कलेक्टिव्ह’ला २०२३ साली ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, जॅझ वाजवणाऱ्यांना तो पहिल्यांदाच.

लंडनमध्येच सारथी कोरवार आहे. पुण्यात तबला शिकला, मग तिकडे गेला. त्याच्या २०१६च्या ‘डे टू डे’मध्ये गुजरातेतल्या रतनपूरच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं गाणं-वाजवणं जॅझ वादकांबरोबर गुंफलं आहे. तुमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात, पुढे हल्याळ-यल्लापुरात सिद्दींची घरं आहेत. त्यांच्या डमामी या ढोलाचा ठेका तुम्ही ऐकला असेल. रतनपूरची परंपरा वेगळी आहे, दोन्ही एकच समजू नका. पण आधी इथला ठेका प्रत्यक्ष ऐकून मग हा अल्बम लावलात तर त्यातलं काय मूळचं आणि काय कोरवारने घातलं, हे मला जेवढं कळतं त्याहून जास्त तुम्हाला कळेल. त्याचा २०१९चा ‘मोअर अरायव्हिंग’ मुंबई-दिल्लीच्या रॅपरांबरोबर आहे. तो रागीट आहे आणि घरात मोठ्याने लावण्याजोगा नाही.

शिकागोचा ड्रमर मकाया मॅक्रेव्हन वेगळ्याच रीतीने काम करतो. आधी कुठलीही तयारी न करता वाजवलेलं रेकॉर्ड करायचं, मग घरी बसून त्यातले तुकडे कापून, जोडून, फिरवून नवीन रचना करायची. ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’ (२०१८) तसाच झालाय, चार शहरांतल्या चार वेगळ्या संचांबरोबर. लॉस एंजेलिसचं तुम्हाला रॅपच्या बाजूने कळेल. केंड्रिक लमारच्या २०१५च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’वर कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, रॉबर्ट ग्लास्पर हे जॅझवालेच आहेत. ग्लास्परचा ‘ब्लॅक रेडिओ’ (२०१२) ऐका. कमासीचा ‘द एपिक’ जवळजवळ तीन तासांचा आहे, त्याने सुरुवात करू नका. ‘स्नार्की पपी’ अंगावर येणारा, सफाईदार बँड. माझ्याकडे कीबोर्ड शिकणारी मुलं त्यावर फिदा आहेत. मला तिसऱ्या रचनेनंतर दमायला होतं.

न्यूयॉर्कचा विजय अय्यर मात्र सोडू नका. ‘तीर्थ’ (२०११) : पियानो, प्रसन्नाची गिटार, नितीन मित्तांचा तबला. आणि ‘लव्ह इन एक्झाइल’ (२०२३) : अरूज आफताब उर्दूत गाते, विजय पियानोवर, शहजाद इस्माइली बास आणि सिंथेसायझरवर. अतिशय संथ आहे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला त्याचा कंटाळा येणार नाही.

हे सगळं शोधताना बरंच भुसकट हाती येईल, म्हणून माझी एक परीक्षा सांगतो. ज्या अल्बममध्ये तबला किंवा सतार आहे, तिथे ते वाद्य मनातल्या मनात काढून टाका. मागे उरलेलं संगीत जसंच्या तसं चालू राहत असेल, तर तबला म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. ‘संगम’मधून तबला काढा, इमारतच बसते. दुसरी खूण तिहाईची. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा बाकीचे त्याच्याबरोबर येतात का, की आपल्याच ठेक्यात वाजवत राहतात? बरोबर येत असतील तर त्यांनी एकमेकांचं संगीत घरी बसून शिकलेलं असतं. ही परीक्षा उलटीही लावा. आपले मोठे कलावंत परदेशी वादकाला मागे बसवून नुसता एक कॉर्ड धरायला लावतात, तेही मिश्रण नव्हे.

आणि हे सगळं आजचं आहे असंही समजू नका. गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट मुंबईत ट्रम्पेट वाजवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्याबरोबर त्याने ‘अलबेला’त (१९५१) काम केलं. त्या चित्रपटातली गाणी तुमच्या आजोबांना पाठ असतील, आणि त्यांतलं पितळी वाद्यांचं काम निम्मंअधिक जॅझच आहे.

आता व्यवहाराचं. गाणं वाजवणाऱ्या ॲपमध्ये वादकांची नावं लपलेली असतात. गाण्यापुढच्या तीन ठिपक्यांत श्रेयनामावली मिळते, पण बऱ्याचदा अर्धवट. पूर्ण यादीसाठी डिस्कॉग्ज नावाचं संकेतस्थळ बघा, तिथे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला छापलेलं सगळं लोकांनी उतरवून ठेवलंय. बँडकँपवर बहुतेक अल्बम आधी फुकट ऐकता येतात, आवडला तर पैसे भरून उतरवून घेता येतो. घाटाजवळच्या गावात रेंज जाते-येते, त्यामुळे उतरवलेलं बरं. अल्बम कुठल्या कंपनीने काढला तेही बघत चला. जर्मनीतल्या म्युनिकच्या ईसीएमकडे ‘मेकिंग म्युझिक’, ‘संगम’, ‘ज्योती’ तिन्ही आहेत. २०१७पर्यंत ही कंपनी आपलं संगीत ॲपवर देतच नव्हती, आता सगळं मिळतं. शिकागोच्या मंडळींसाठी इंटरनॅशनल अँथम. नवीन माणसं बघायला यूट्यूबवरचे ‘टायनी डेस्क’ कार्यक्रम. तिथे कोण कोणाकडे बघून इशारा करतो ते दिसतं, आणि वादकाला त्यातून जे मिळतं ते नुसत्या ऐकण्यातून मिळत नाही.

एका वेळी एकच अल्बम घ्या आणि त्यातला एकच साथीदार उचला. यादी करून सगळं एकदम ऐकायला गेलात तर आठवड्यात वैताग येईल. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आधी तीच करा : मोबाइलचा स्पीकर बंद ठेवा. त्यावर बास आणि डग्गा दोन्ही ऐकू येत नाहीत, आणि मी वर जे काही सांगितलं त्यातलं निम्मं तिथेच आहे. साधे वायरवाले इअरफोन चालतील. डॅन वाइसच्या तीनतालातली एखादी तिहाई कुठून उचलली ते नाहीच सापडलं तर मिनिट-सेकंद लिहून पाठवा, मात्रा मांडून देतो.